पुन्हा सायकलवर : चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठी बेळगाव परिसरातील संपूर्ण माहिती

बेळगाव : शहरातल्या कुठल्याही अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा वाड्याच्या बोळात डोकावलं, की एक तरी सायकल धूळ खात उभी दिसते. टायर बसलेले, चेनवर गंज, कॅरियरला कपडे वाळत घातलेले. यातल्या बऱ्याचशा सायकली जुन्या नसतात. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब वाढल्याचं सांगितलं म्हणून, किंवा नव्या वर्षाचा संकल्प म्हणून हौसेने घेतलेल्या असतात. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात गुडघा दुखतो, तिसऱ्यात पाऊस येतो आणि चौथ्यात सायकल भिंतीला टेकते.

सायकल सुटते ती बहुतेक वेळा आळसामुळे नाही. सीट चुकीच्या उंचीवर असते, टायरमध्ये हवा कमी असते, पहिल्याच रविवारी झेपणार नाही एवढं अंतर मारलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे सायकलीला रोजचं काही काम दिलेलं नसतं. या गोष्टी नीट केल्या तर साधी, बिनगिअरची सायकलही वर्षानुवर्षे साथ देते. त्यासाठी काय करावं, किती खर्च येतो, कुठल्या रस्त्याने जावं आणि कुठे जपावं, याची ही माहिती.

बेळगाव आणि सायकल : जुनं नातं

आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे सारख्या मापाची दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ती रचना इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘रोव्हर’ सायकलीने रूढ केली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला आणि हाडं खिळखिळी करणारी ही गाडी बसण्याजोगी झाली.

योगायोग असा, की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच १८८८ सालापासून मोजतो, आणि ती सुरुवात झाली बेळगावात, सायकलीच्या दुकानाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बेळगावात त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे याच धंद्यातून कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडल रोडला हलला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शहरातला किर्लोस्कर रोड ते नाव आजही सांगतो.

तेव्हा सायकल श्रीमंतांची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने निघाले आणि ती सर्वांची झाली. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन, मधल्या नळीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकलेली पिढी आज साठीच्या पुढे आहे. भोवतालच्या खेड्यांतून दुधाच्या कॅन आणि भाजीच्या पाट्या बांधून शहरात येणाऱ्यांची सायकल हीच गाडी होती. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या, त्यातल्याही कितीतरी अजून घराघरांत पडून आहेत. म्हणजे सायकल इथे नवी नाही. नवं आहे ते चाळिशी-पन्नाशीत, तब्येतीसाठी आणि मजेसाठी तिच्यावर पुन्हा बसणं.

शरीराला काय मिळतं

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी शिफारस केली ती अशी : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. बाजारात, बँकेत, ऑफिसला सायकलने जाऊन येणाऱ्याचा हा अर्धा तास वेगळा काढावा न लागता भरतो.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ किंवा मोबाइल लागत नाही. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम गती. दोन-चार शब्दांनंतरच धाप लागत असेल तर गती जोराची झाली. सुरुवातीचे दोन महिने बोलता येईल एवढ्याच गतीने जावं. आपल्याकडे उलटं होतं. पहिल्याच दिवशी तरुण पोरांच्या मागे लागून दम काढला जातो, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही.

२०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची सुमारे पाच वर्षांची माहिती त्यात होती. सायकलने कामाला जाणाऱ्यांमध्ये, गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी आढळलं. हा सगळा फरक एकट्या सायकलीमुळे पडला असं त्यावरून सिद्ध होत नाही, कारण सायकल चालवणारे लोक मुळातच जास्त धडधाकट असू शकतात. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे लोक शर्यतीतले सायकलपटू नव्हते, रोज कामावर जाणारे साधे लोक होते.

गुडघ्याच्या दृष्टीने सायकल पळण्यापेक्षा सौम्य, कारण शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं. मात्र याच कारणामुळे हाडांना ताण मिळत नाही आणि हाडं बळकट करण्याचं काम सायकल फारसं करत नाही. म्हणून सायकलीच्या जोडीला थोडं चालणं, जिने चढणं, उठाबशा हवेतच. विशेषतः पाळी थांबण्याच्या वयातल्या महिलांनी नुसत्या सायकलवर अवलंबून राहू नये.

वजनाबाबत हिशोब सरळ ठेवावा. ७० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास रमतगमत सायकल चालवली तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात, आणि ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या गतीने साधारण २४० कॅलरी. घरी येऊन कुंद्याची वाटी समोर ओढली की हिशोब बरोबरीत. सायकलने वजन उतरतं, पण खाण्यावर लक्ष असेल तरच, आणि हळूहळू.

सुरुवात करण्याआधी कोणी डॉक्टरांना विचारावं

हृदयविकार, छातीत दुखणं, चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं, चक्कर येणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब यापैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी लांब जाऊ नये. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी लगेच थांबून साखर किंवा ग्लुकोज घ्यावं. म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. चालवताना छातीत दाब जाणवला, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकलं, तर घरापर्यंत पोचायचा प्रयत्न करू नये. तिथेच उतरून मदत मागावी.

सायकल कोणती घ्यावी

दुकानात गेलं की चार तऱ्हेच्या सायकली दिसतात.

*साधी काळी किंवा बिनगिअरची सायकल.* वजनाने जड, पण मजबूत. कॅरियर, मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड सगळं अंगचंच. दुरुस्ती कुठल्याही गल्लीत होते. सपाट रस्त्यावर रोजच्या पाच-सहा किलोमीटरला पुरेशी.

*माउंटन सायकल.* जाड, खाचांचे टायर, पुढे स्प्रिंगचा फोर्क. दिसायला दणकट, म्हणून सर्वात जास्त खपते. पण डांबरी रस्त्यावर जाड टायर घासतात आणि स्वस्त सायकलीतला स्प्रिंगचा फोर्क वजनच जास्त वाढवतो. पाय मारलेला जोर त्या स्प्रिंगमध्ये जिरतो. शेतातल्या, कच्च्या वाटेवरून जाणार नसाल तर हिची गरज नाही.

*हायब्रिड सायकल.* मध्यम जाडीचे टायर, सरळ हँडल, गिअर. इथल्या चढउताराच्या रस्त्यांना आणि चाळिशीनंतरच्या पाठीला हीच सर्वात सोयीची.

*रोड सायकल.* वाकलेलं हँडल, बारीक टायर. वेगासाठी चांगली, पण खड्डे आणि गतिरोधकांवर त्रास. सुरुवातीला नको.

साडी नेसून किंवा सलवार-कमीज घालून चालवायची असेल तर मधली नळी खाली वाकलेली, चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड असलेली सायकल घ्यावी. ओढणी कमरेला बांधावी. ही सायकल फक्त महिलांनीच वापरावी असं काही नाही. ज्येष्ठांनाही पाय मागून उंच फिरवून बसण्यापेक्षा तिच्यावर चढणं-उतरणं सोपं जातं.

बॅटरीची सायकल हाही एक पर्याय आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि वजन मर्यादेत असेल तर तिला वाहन परवाना आणि नोंदणी लागत नाही. गुडघ्याची तक्रार असलेल्यांना चढावर तिची मदत होते. मात्र पायडल मारायचंच नाही असं ठरवलं तर ती व्यायामाची सायकल राहत नाही.

नवी घेण्याआधी घरातली जुनी बघावी. फ्रेम वाकलेली किंवा सांध्यात तडा गेलेली नसेल तर टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन बदलून, छर्रे साफ करून ग्रीस भरून घेतलं आणि रिमची आउट काढून घेतली, की ती रस्त्यावर येते. मुलांना शाळेतून मिळालेली सायकलही सीट वर घेऊन मध्यम उंचीच्या माणसाला चालते.

सीटची उंची : सर्वात स्वस्त दुरुस्ती

गुडघा दुखला म्हणून सायकल सोडणाऱ्यांनी आधी सीट तपासावी. बहुतेकांची सीट फार खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं. त्यामुळे गुडघा दर फेरीला जास्त वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतो.

उंची ठरवायची सोपी रीत अशी. भिंतीला हात टेकून सीटवर बसावं. एक पायडल सर्वात खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला कलता कामा नये. चालवताना टाच नाही तर पंजाचा भाग पायडलवर येतो, त्यामुळे गुडघा खालच्या टोकालाही किंचित वाकलेला राहतो. तेवढाच हवा. या उंचीवर थांबताना एका पायाची बोटंच जमिनीला लागतात. ज्यांना भीती वाटते त्यांनी रोज एक सेंटिमीटर याप्रमाणे सीट वर न्यावी.

दुखणं कुठे आहे त्यावरून चूक कळते :

- गुडघ्याच्या पुढे दुखतं : सीट खाली आहे, किंवा जड गिअरवर जोर काढला जातोय.
- गुडघ्याच्या मागे दुखतं : सीट जास्त वर आहे.
- हाताला मुंग्या येतात : अंगाचा भार हँडलवर येतोय. सीटचं टोक पुढे झुकलेलं असेल तर सपाट करावं, हँडल थोडं वर घ्यावं, कोपर सैल ठेवावेत.
- बसायला दुखतं : पहिले दोन आठवडे थोडं चालायचंच. पण बधिरपणा येत असेल तर सीटचा कोन बदलावा आणि अधूनमधून पायडलवर उभं राहावं. फार मऊ गादीची सीट लांबच्या अंतराला उलट जास्त त्रास देते.

गिअर कसा वापरावा

गिअर वेगासाठी असतात हा गैरसमज आहे. चढ असो, उतार असो, पायांची लय सारखी राहावी यासाठी ते असतात. नवख्याने मिनिटाला ६० ते ७० फेऱ्यांची लय धरावी, सवय झाल्यावर ८०पर्यंत जावं. जड गिअर लावून हळूहळू, जोर काढत पायडल मारणं हे मर्दुमकीचं वाटतं, पण त्याची किंमत गुडघा मोजतो.

पुढची चक्री लहान आणि मागची मोठी, म्हणजे चढाचा हलका गिअर. पुढची मोठी आणि मागची लहान, म्हणजे सपाट किंवा उताराचा. गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. अर्ध्या चढावर, पूर्ण जोर पडलेला असताना बदलला तर चेन कडकडते आणि कधी कधी उतरते. बिनगिअरच्या सायकलीवर चढ जड झाला तर उतरून ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही.

पहिले आठ आठवडे

पहिला-दुसरा आठवडा : चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, सपाट रस्ता.

तिसरा-चौथा आठवडा : पाच दिवस, रोज २५ ते ३० मिनिटे. यातले निदान दोन दिवस एखादं काम जोडावं. दूध, भाजी, लाइट बिल, मुलाची वही.

पाचवा-सहावा आठवडा : पाच दिवस अर्धा तास, आणि त्यातल्या एका दिवसाऐवजी रविवारी एक तास. मध्ये थांबून चहा घेतला तरी चालेल.

सातवा-आठवा आठवडा : रविवारच्या फेरीत एक छोटा चढ.

दर आठवड्याला दोन दिवस सुट्टी हवीच. मध्येच लग्न, परगाव, ताप यामुळे खंड पडला तर जिथे सोडलं तिथून नाही, एक पायरी खालून सुरू करावं.

कुठे जावं

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीमुळे बेळगावची सकाळ उन्हाळ्यातही बऱ्यापैकी थंड असते. सायकलसाठी ही मोठी देणगी आहे. रस्ते मात्र निवडून घ्यावे लागतात.

*सुरुवातीसाठी : कॅम्प, किल्ला, टिळकवाडी.* कॅम्पातले झाडांच्या सावलीतले रस्ते आणि किल्ला तलावाचा परिसर सकाळी सहा ते साडेसातपर्यंत निवांत असतो. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या बाजूचे रस्तेही चांगले, पण तिथे चालायला येणाऱ्यांची गर्दी असते. घंटी वाजवावी, वेग कमी ठेवावा. रेल्वे गेटमधून जाताना रुळाला काटकोनात चाक न्यावं. तिरकं नेलं तर चाक रुळाच्या फटीत अडकून सायकल आडवी होते, पावसात तर हमखास.

*महिनाभरानंतर : वेंगुर्ला रस्ता.* हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची असं करत शिनोळीला पोचलं की कर्नाटकातून महाराष्ट्रात आलो. एका बाजूने साधारण १५ किलोमीटर. सीमेची पाटी ओलांडून चहा पिऊन परत येण्याची मजा वेगळी, आणि चहाची चव दोन्हीकडे सारखीच. सुरुवातीला उचगाव फाट्यावरूनच परतावं. ऊस हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, इथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते. ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, आणि बाहेर आलेला ऊस अंगाला लागू शकतो. तिच्या अगदी मागे किंवा शेजारी राहू नये.

*राकसकोप.* बेनकनहळ्ळी, बेळगुंदी मार्गे मार्कंडेय नदीवरच्या जलाशयापर्यंत. शेतं, आमराया, छोटे चढउतार. शहराला पाणी पुरवणारा हा तलाव असल्यामुळे तिथे कचरा टाकू नये, पाण्यात उतरू नये.

*चढाची हौस : राजहंसगड.* येळ्ळूरमार्गे साधारण १५ किलोमीटर. गडापर्यंत रस्ता आहे, शेवटचा टप्पा खडा आहे. दोन-तीन महिन्यांच्या सरावाशिवाय चढू नये. उतरताना जास्त जपावं. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून दाबावेत, एकटा पुढचा करकचून कधीच नाही. वळणाच्या आधी वेग कमी करावा, वळणात नाही.

*जांबोटीकडे.* पिरनवाडी, किणये मार्गे जांबोटी हे अंतर एका बाजूनेच तिशीच्या आसपास जातं. पुढे कणकुंबी आणि चोर्ला घाट. गोव्याकडे जाणारी वाहनं वेगात असतात आणि पावसाळ्यात धुकं दाट असतं. हा रस्ता सरावलेल्यांचा, तोही एकट्याने नाही.

राष्ट्रीय महामार्गाचा मुख्य रस्ता व्यायामासाठी टाळावाच. सेवा रस्त्यावरही समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकींचा धोका असतो.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

सायकलसाठी वेगळी लेन बहुतेक ठिकाणी नाही, त्यामुळे आपली काळजी आपणच घ्यायची. नेहमी डाव्या बाजूने, पण अगदी कडेच्या खडीतून नाही. उभ्या मोटारीपासून हातभर नाही, चांगलं तीन-चार फूट अंतर ठेवावं, दार अचानक उघडतं. वळताना मागे बघून हात दाखवावा. पहाटे किंवा संध्याकाळनंतर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, आणि अंगात फिका, उठून दिसणारा शर्ट. काळी पँट, काळा स्वेटर, बिनदिव्याची सायकल आणि जानेवारीचं धुकं, हा अपघाताचा साचा आहे.

हेल्मेटची सक्ती नसली तरी वापरावं. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवावा. कानात इअरफोन घालू नयेत, मागची गाडी आधी कानाला कळते. कुत्री मागे लागली तर बहुतेक वेळा वेग कमी करून किंवा उतरून, सायकल मध्ये ठेवून उभं राहिलं की ती थांबतात. घाबरून पळवली तर तीही पळतात. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

देखभाल : आठवड्याला दहा मिनिटे

टायरच्या बाजूला किती हवा भरायची तो आकडा लिहिलेला असतो. बोटाने दाबून अंदाज घेऊ नये. कमी हवेची सायकल जड चालते, ट्यूब खड्ड्यात रिमला चेपून पंक्चर होते, आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच दम कमी पडतोय. आठवड्यातून एकदा हवा भरावी. गाडीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंपावर भरता येते, मात्र पेट्रोल पंपावरची हवा जपून, थोडी थोडी भरावी. बारीक, वर स्क्रू असलेल्या व्हॉल्व्हला वेगळा पंप किंवा अडॅप्टर लागतो.

चेन फडक्याने पुसून मगच तेल द्यावं. दर कडीवर एक थेंब, पाच मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाकावं. धुळीवर तेल ओतलं तर दोन्ही मिळून दात घासून टाकतात. पावसात भिजून आल्यावर सायकल तशीच उभी करू नये. चेन पुसून तेल दिलं तर गंज चढत नाही. ब्रेकचे रबर झिजून खाचा नाहीशा झाल्या की बदलावेत.

पैशांचा हिशोब

साधी बिनगिअरची सायकल साधारण पाच ते आठ हजारांत, गिअरची दहा हजारांच्या पुढे, आणि बरी हायब्रिड पंधरा-वीस हजारांच्या घरात येते. हेल्मेट, दिवे, कुलूप, पंप यांचे दोन-अडीच हजार वेगळे धरावेत. पहिल्यांदा घेताना खिसा ताणू नये.

सायकलने पेट्रोल वाचतं ही जाहिरात अर्धीच खरी. समजा शहापूरचा एक नोकरदार कॅम्पात कामाला जातो. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं, तर महिन्याला वाचतात साधारण ३३३ रुपये. आठ हजारांची सायकल वसूल व्हायला दोन वर्षं लागली. पेट्रोलसाठी सायकल घेणारा म्हणूनच सहा महिन्यांत कंटाळतो.

खरी बचत वेळेची आहे. हेच सहा किलोमीटर स्कूटरने गेलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, सायकलने तीस. रोज दहा-पंधरा मिनिटं जास्त घालून अर्ध्या तासाचा व्यायाम पदरात पडतो. तोच व्यायाम जिममध्ये करायचा तर जाणं-येणं, कपडे बदलणं धरून तास-सव्वा तास आणि महिन्याची फी. आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे शिफारशीतली १५० मिनिटे कामाच्या वाटेवरच पूर्ण होतात. घामाची अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे शेवटची पाच मिनिटं वेग कमी करणं, शर्ट पिशवीत नेणं आणि पाठीवरची बॅग कॅरियरला बांधणं.

टिकवायचं कसं

सायकल जिन्याखाली, चार वस्तूंच्या मागे ठेवली की ती निघत नाही. ती दाराजवळ, हवा भरलेली, कुलूप-किल्ली जागेवर अशी असावी. अंतराचा विक्रम, मोबाइलवरचे आकडे, महागडी जर्सी ही हौस नंतर करावी. आधी एकच नियम पुरे : घरापासून दोन किलोमीटरच्या आतलं कुठलंही एकट्याचं काम, पाऊस किंवा जड ओझं नसेल तर, सायकलने करायचं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात बदल जाणवू लागतो. जो चढ आधी उतरून ढकलावा लागायचा तो बसूनच पार होतो, आणि रोजच्या रस्त्यावरची स्कूटरवरून कधी न दिसलेली घरं, झाडं, ओळखीची माणसं दिसू लागतात. उद्या सकाळी फार काही करायचं नाही. पार्किंगमधली सायकल बाहेर काढायची, फडकं मारायचं, कोपऱ्यावरच्या दुकानात हवा भरायची, सीट बरोबर करायची आणि दूध आणायला तिच्यावरून जायचं.